अक्रोडाच्या लहरी झाकू नका

प्रश्न : काका, वडिलांनी श्रीनगरहून मागवलेल्या अक्रोडाच्या फळ्यांचं जेवणाचं टेबल आणि एक बुटकं कपाट सुताराकडून नुकतंच आलं. लाकडात पाण्यासारख्या लहरी आहेत. पॉलिशवाला म्हणतो, आधी जरा रंग देऊ, मग चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वॉर्निश. मला लाकूड लाकडासारखंच दिसायला हवंय. काय करू?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, रंग नकोच. लहरी असतात तिथे तंतू वर-खाली वळलेले असतात. उजेड प्रत्येक वळणावरून वेगळा परततो, म्हणून आपण बाजूला सरकलो की लहरही सरकते. रंग त्या वळणांत कमी-जास्त मुरतो आणि डाग पडल्यासारखं दिसतं. चॉकपावडरची भरणीही करू देऊ नका, गडद लाकडाच्या बारीक छिद्रांत ती पांढरी उठून दिसते.

टेबलाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवा. ओलं असेपर्यंत जो रंग दिसेल, जवळपास तोच पॉलिशनंतर मिळेल. तो बघितल्यावर पॉलिशवाल्यालाही पटेल.

कपाटाला नुसता चपडा द्या. चपडा म्हणजे लाख. आपल्या गोंदियाकडे पळसावर घेतात तीच. मेण काढलेला, फिकट बघून घ्या. लिटरभर स्पिरिटला १०० ते १२० ग्रॅम रात्रभर भिजवा, कापडातून गाळा आणि सुती बोळ्याने पातळ पातळ हात द्या. लाखेची ऊब या लाकडाला जशी शोभते तशी मला दुसरी कशाचीच शोभलेली दिसली नाही.

टेबलाचं मात्र वेगळं. माझ्या पहिल्या अक्रोडाच्या टीपॉयला मी फक्त लाख दिली होती. त्यावर कुणीतरी गरम चहाचा कप ठेवला आणि पांढरं वलय उमटलं. ते वलय बघून मला फार वाईट वाटलं होतं. तुमच्या टेबलावर तर रोज पाणी सांडणार, तर्रीचं तेल पडणार. म्हणून खाली लाखेचे दोन पातळ हात आणि वर मॅट पीयूचे दोन-तीन. लाखेत मेण राहिलं तर पीयू धरत नाही, म्हणून वरची अट पाळाच. जाड थर कधीच नको. लहर काचेखाली कोंडल्यासारखी होते.

काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढा. मे महिन्यात स्पिरिट हात फिरवेपर्यंत उडून जातं, आणि कूलर लावला तर त्या ओलसर हवेने लाखेवर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यातही तेच होतं.

कुणी जवसाचं तेल सुचवलं तर तेही चुकीचं नाही, लहरी आणखी खोल दिसतात. पण ते पूर्ण वाळल्याशिवाय वर काही देऊ नका. आणि तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बहुतेक लाकडं वयाबरोबर गडद होतात, अक्रोड उजेडात फिकट होतो. टेबल थेट उन्हाच्या खिडकीपाशी नको, आणि मधोमध कायमची पट्टी अंथरू नका. तेवढाच भाग गडद राहील.