खो मिळेपर्यंत बसायचं, मिळाला की उठायचं

"मॅडम, पुढल्या वर्षी एसएसएलसी. शाळा सुटल्यावर खेळायला धाडलं तर अभ्यास बुडंल की हो." एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलांच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचा हाच असतो.

मुलगा नववीत, मराठी माध्यमातला. कन्नडच्या तासाआधी त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. शाळा सुटली की थेट ट्यूशन, घरी यायला आठ. दिवसभरात पळणं असं नाहीच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याची दहा मिनिटंही होत नव्हती.

आठवड्यातले तीन दिवस ट्यूशन तासभर पुढे ढकलायची आणि शाळेच्या मैदानावर खो-खोला जायचं, एवढंच ठरवलं. पहिल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन पाहिलं. आठ जण ओळीत, एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले. पाठीवर थाप आणि "खो" आला की त्याच क्षणी सुटायचं, आधी उठलं तर फाऊल. हा दर वेळी क्षणभर उशिरा उठायचा. सर ओरडले नाहीत, त्याला बाहेरही काढलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. जिथे फक्त चपळ पोरांनाच संधी मिळते, तिथे अशा मुलाला पाठवू नका. भीती वाढते.

गटात निम्मी पोरं कन्नड बोलणारी. "ओडू, ओडू!" म्हणजे "पळ, पळ!" असा गलका चालायचा. महिनाभरात हाही तसाच ओरडू लागला. चुकीचं कन्नड बोलला तरी तिथं कुणी हसत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष पळणाऱ्यावर. वर्गात ज्या भाषेनं पोटात गोळा यायचा, ती मैदानात तोंडात बसली.

पोटदुखी पूर्ण थांबलेली नाही. चाचणीच्या दिवशी अजून होते. गुण थोडे वाढलेत, पण ते खेळामुळेच, असं मी म्हणणार नाही. आईला एकच विनंती केली आहे: गुण कमी आले म्हणून शिक्षा म्हणून खेळ बंद करू नका.

त्याची सातवीतली बहीण खेळाच्या दिवशी मैदानाच्या कडेला त्याचं दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असते. पुढच्या भेटीत मी तिच्याबद्दल विचारणार आहे.