जामीन झाला, पण हुकूम वाचला कोणी?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र समोर आहे. बांधावरच्या मारामारीतून धाकट्या भावावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. वर्षभराहून जास्त तो आत होता. तिथेच हृदयाची झडप खराब असल्याचं निघालं. आता सत्र न्यायालयाचा जामीन झाला आहे आणि डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लांबवू नका, कोल्हापूर गाठा नाहीतर बांबोळी, म्हणजे गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. ताईंचे प्रश्न दोन. केस चालू असलेल्या माणसाला सरकारी आरोग्य योजना लागू होते का? आणि दुखणं तुरुंगात निघालं, तर खर्च तुरुंगाने करायला नको का?

अशी पत्रं नेहमी येतात. गाव आणि आजार तेवढा बदलतो.

ताई, या दोन्ही प्रश्नांवर तुमच्या भावाचं ऑपरेशन अडणार नाही. ते अडेल तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर: "मागच्या महिन्यात बांबोळीला नेऊन टू-डी एको काढून आणला, त्यामुळे एका सोमवारची हजेरी राहिली." जामिनाच्या हुकुमाचा जो फोटो तुम्ही पाठवलात, त्यात कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर जामीनदाराचा सातबारा स्टेपल केलेला दिसतो. तो उचलून खालचं कोणी वाचलंय का, मला शंका आहे. जेवढं दिसतं त्यावरून तिथे अट आहे: न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय सिंधुदुर्ग जिल्ह्याबाहेर जाऊ नये. त्याच्या वरच्या ओळीत दर सोमवारची पोलीस ठाण्यातली हजेरी.

म्हणजे बांबोळीची ती फेरी अट मोडून झाली. तुम्ही लिहिता की ठाण्यातल्या हवालदारांना सांगून गेलो होतो, ते हो म्हणाले. हवालदारांचं हो म्हणजे न्यायालयाची परवानगी नव्हे. उद्या फिर्यादीने जामीन रद्द करण्याचा अर्ज टाकला, तर ते हवालदार तुमच्या बाजूने पिंजऱ्यात उभे राहतील, या भरवशावर राहू नका. बांधाचं भांडण आहे, फिर्यादी शेजारीच राहतो, तुमच्या दारातून गाडी कधी गेली आणि कधी आली हे त्याला पोलिसांच्या आधी कळतं.

एवढ्यावरून जामीन आपोआप रद्द होत नाही. जामीन द्यायला लागतात त्यापेक्षा तो काढून घ्यायला ठोस कारणं लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने दौलत राम विरुद्ध हरियाणा या निकालात सांगितलं आहे. पण अटीचा भंग हे कारण असू शकतं, आणि दुसऱ्यांदा झाला तर "आजारी होता" हे उत्तर पहिल्यासारखं ऐकलं जात नाही. तेव्हा परवानगी हातात पडेपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊन गाडी काढायची नाही.

अर्ज करायचा तो अट घालणाऱ्या न्यायालयातच, म्हणजे ओरोसला, जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात. "जामीन झालो मा, मगे परत कोर्टात कित्याक जावचा?" असं भाऊ विचारतो म्हणून तुम्ही लिहिलंय. त्याला सांगा, फक्त एका वेळची परवानगी मागितली तर जन्मभर जावं लागेल. इथेच बहुतेक अर्ज चुकतात. वकील घाईत "ऑपरेशनसाठी दहा दिवस परवानगी मिळावी" एवढंच लिहितो, न्यायालय तेवढीच देतं. पण धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर चालते, त्यासाठी रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा होते, सर्जन पुन्हा पुन्हा बोलावतो. दर वेळी नवा अर्ज, दर वेळी सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, दर वेळी तपासी अंमलदाराला विचारणा. म्हणून मागणी अट बदलण्याचीच करा: उपचार आणि त्यानंतरच्या तपासण्यांसाठी ठाण्याला आगाऊ लेखी कळवून जिल्ह्याबाहेर जाण्याची मुभा, आणि दवाखान्यात असेल त्या काळात हजेरीतून सूट. कोल्हापूर आणि गोवा, दोन्हींची नावं घाला. गोवा हे दुसरं राज्य, त्याला सरकारी वकील हरकत घेण्याची शक्यता जास्त. न्यायालय कोल्हापूर देईल आणि गोवा नाकारेल, असंही होऊ शकतं.

अर्जाला डॉक्टरांचं पत्र जोडा. "हृदयविकार आहे" एवढ्या चिठ्ठीने भागत नाही. कोणतं ऑपरेशन, किती तातडीचं, कोणत्या इस्पितळात, अंदाजे किती दिवस, हे त्यात हवं. बरोबर कोण राहणार आणि कुठे उतरणार, तेही लिहा. बांबोळीची फेरी अर्जात कबूल करायची की नाही, हे तुमच्या वकिलांनी सगळे कागद पाहून ठरवावं. माझा कल सांगण्याकडे आहे, कारण एकोच्या रिपोर्टवर इस्पितळाचं नाव आणि तारीख छापलेली असते आणि तोच रिपोर्ट तुम्हाला अर्जाला जोडायचा आहे.

आता उशीर. अर्ज आज दिला की आज हुकूम होत नाही. से यायला एक तारीख जाते, मग तपासी अंमलदार बंदोबस्तावर असतो म्हणून आणखी एक, आणि मध्ये गणपती आले की तपासी अंमलदारही सापडत नाही आणि पक्षकारही. मी याला सरावलोय, पण खराब झडपेला तारखा कळत नाहीत. वकिलांना सांगा, डॉक्टरांच्या पत्रातल्या तातडीवर बोट ठेवून त्याच दिवशी सुनावणी मागा, आणि से लवकर यावा म्हणून अर्जाची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात आदल्या दिवशीच पोचवा. अर्ज फेटाळला तर वर जायला आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे.

मध्येच रात्री दम लागून माणूस कासावीस झाला तर? न्या. जीव वाचवायला न्यायालय थांबवत नाही. दाखल केल्या केल्या ठाण्याला लेखी कळवा, दुसऱ्या दिवशी वकिलांकडून दाखल झाल्याच्या कागदासह पुरशिस, म्हणजे न्यायालयाला कळवणारं लेखी निवेदन, द्या. मात्र ठरवून घेतलेली अपॉइंटमेंट तातडीची म्हणून दाखवायला जाऊ नका.

तुमचे दोन प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्यावर गुन्हा आहे का, हे विचारलं जात नाही. रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहिलं जातं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, झडपेचं ऑपरेशन त्यात बसतं, आणि योजनेतल्या राज्यातल्या कुठल्याही इस्पितळात कार्ड चालतं. फक्त योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरू, मग बिल दाखवून परत घेऊ, हे इथे नाही. दागिने गहाण ठेवून डिपॉझिट भरलेली आणि नंतर माझ्याकडे बिलं घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना मी काहीही देऊ शकलो नाही. दाखल होण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, भेटा, किंवा 155388 वर फोन करून ते इस्पितळ आणि ते ऑपरेशन यादीत आहे का, विचारा. बांबोळीबद्दल तर नक्की विचारा. तिथे 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं, आणि आपलं कार्ड तिथे त्या ऑपरेशनला चालेल हे गृहीत धरू नका.

कार्डाचं काय झालं ते तुमच्या पत्रात धड नाही. भाऊ चाकरमानी, गावच्या कार्डावरचं नाव कमी करून भांडुपच्या काकांच्या कार्डात चढवलं होतं, एवढं समजतं. ते अजून तिथे असेल तर तेच कार्ड आणा, मुंबईचं म्हणून ते वेंगुर्ल्याच्या किंवा कोल्हापूरच्या रुग्णाला अडवत नाही. पण तो आत असताना ई-केवायसीचा, म्हणजे ओळख पडताळणीचा, अंगठा द्यायचा राहिला असणार, म्हणून नाव चालू आहे का ते आधी पाहा. बंद पडलं असेल किंवा काकांनी कमी केलं असेल, तर कमी केल्याचा दाखला घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव चढवायचा अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत चुकली की अपील करता येतं, पण हातात पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून? आत असतानाच, जामिनाची धावपळ चालू होती तेव्हा, हे काम घरच्या कोणीतरी करायला हवं होतं. वर्ष होतं तुमच्या हातात.

तुरुंगाने खर्च द्यावा, हे कळतं, पण मिळणार नाही. कोठडीत असेपर्यंत उपचार ही शासनाची जबाबदारी, बाहेर पडल्यावर ती बाहेरच्या प्रत्येक नागरिकाइतकीच उरते. मोठ्या इस्पितळाची तारीख मिळूनही पोलीस गार्ड न मिळाल्याने दोनदा नेलं नाही, असं तुम्ही लिहिता. ते खरं असेल तर तो वेगळा दावा आहे, उच्च न्यायालयात रिट याचिका होऊ शकेल, पण निकाल काय आणि कधी, यावर मी काही सांगणार नाही. आत्ता त्यातून एकच गोष्ट काढून घ्या: आतले वैद्यकीय कागद. कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7(1) खाली अर्ज द्या. जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत द्यायची असते. अधिकारी वाद घालतील, तरी अर्ज द्याच. सर्जनला जुने रिपोर्ट हवे असतात, आणि तुमच्या ओरोसच्या अर्जालाही तातडी त्यांनीच सिद्ध होते.

वकिलांची फी परवडत नसेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचं लोक अभिरक्षक कार्यालय आरोपीच्या बाजूने फौजदारी खटले मोफत चालवतं. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न विचारता ही मदत मिळते. जामिनावर सुटल्यावर मात्र वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असल्याचा किंवा कायद्यातल्या इतर गटांत बसत असल्याचा पुरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडे मिळतो, रेशनकार्डाच्या कामाला जाल तेव्हाच तोही मागून टाका.

भाऊ रात्री झोपत नाही, दाराची कडी वाजली की उठून बसतो, हेही तुम्ही लिहिलंय. 14416 हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. मानसोपचाराची सोय आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. कोणी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखवा म्हणालं, तर लक्षात घ्या, रत्नागिरीही जिल्ह्याबाहेरच आहे. अर्जात कोल्हापूर आणि गोव्याच्या शेजारी तेही नाव लिहा.