जपानी आणि पाश्चात्त्य आरपीजी गेम (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम) एकमेकांकडून काय शिकले?

पुष्कळ, आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. सुरुवात अमेरिकेतून. १९८१ मध्ये तिथे 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले. जपानी गेम-डिझायनर युजी होरी यांनी ते खेळले आणि १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' केला. त्यात नकाशावरून फिरताना वरून दिसणारं दृश्य 'अल्टिमा'चं, तर लढाई सुरू झाली की राक्षस थेट आपल्यासमोर उभा, हे 'विझर्ड्री'चं. पण होरींनी आकडेमोड आणि किचकट नियम कमी केले, कीबोर्डऐवजी मोजकी बटणं पुरतील असं बघितलं आणि गोष्टीला महत्त्व दिलं. माझ्या मते जपानी आरपीजीचा वेगळा बाज इथेच ठरला.

पुढे उलटा प्रवास झाला. अमेरिकन टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल'वर (२०१५) जपानी 'अर्थबाउंड'ची छाप स्पष्ट दिसते. जपानी 'डार्क सोल्स'मधली पद्धत, म्हणजे मेलात की जमवलेले सोल्स (गेममधलं चलन) तिथेच पडतात आणि परत जाऊन उचलावे लागतात, आता जगभरचे स्टुडिओ वापरतात. आणि २०२५ चा फ्रेंच 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३' आळीपाळीने चाली खेळण्याची जपानी पद्धत इतक्या प्रेमाने वापरतो की तो जरूर खेळून बघा.