सॅकमधील पाण्याचे ब्लॅडर गळू लागले आहे. नवीन कोणते घ्यावे?

आपल्या सॅकमधील दोन लिटरचे ब्लॅडर, म्हणजे चालता चालता नळीने पाणी पिण्याची मऊ पिशवी, गळू लागले आहे, सॅक मात्र उत्तम स्थितीत आहे आणि त्याच कंपनीचे ब्लॅडर आता मिळत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचे चालेल का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्याचा; जवळच्या पावागढ डोंगरावर आणि जांबुघोड्याच्या जंगलाकडे बरीच वर्षे पायी भटकतो आहे. दुसऱ्या कंपनीचे ब्लॅडर निश्चित चालते.

मात्र खरेदीपूर्वी पाणी नेमके कुठून गळते, ते पाहून घ्यावे. ब्लॅडर भरून, बाहेरून कोरडे पुसून वर्तमानपत्रावर आडवे ठेवावे. झाकणापाशी किंवा नळीच्या सांध्यापाशी कागद ओला झाला, तर बहुधा रबरी रिंग झिजलेली किंवा तिरकी बसलेली असते. तोंडात धरायच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील, तर तेवढाच भाग बदलता येतो. कडेच्या जोडातून पाणी येत असेल, तर चिकटवण्याच्या खटपटीत पडू नये.

नवीन घेताना लिटरच्या आकड्याआधी सॅकच्या आतील कप्प्याची उंची आणि रुंदी टेपने मोजावी, कारण दोन लिटरचीच ब्लॅडर काही उंच व अरुंद, तर काही बुटकी व रुंद असतात. मी एकदा जास्त पाण्याच्या लोभाने दोन लिटरच्या कप्प्यात तीन लिटरचे ब्लॅडर बसवले. ते तळाशी दुमडून राहिले आणि काही महिन्यांत त्या घडीवरच बारीक चीर गेली. पावागढच्या पायथ्याच्या चांपानेरहून पायवाटेने चढताना पाठ भिजली ती घामाने, असे मी समजत होतो. डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या माचीला सॅक उघडली, तेव्हा पोळ्यांचा डबा आणि कोरडे कपडे पाण्यात होते. शिवाय एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हेही लक्षात असू द्यावे. वाटेत पाणी मिळणार असेल, तर दोन लिटर पुरेसे आहे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे ते ब्लॅडरचे तोंड. गोल फिरकीचे झाकण भरायला सोपे असते, परंतु आत हात जात नसेल तर तळाचे कोपरे घासता येत नाहीत. वरची संपूर्ण कड उघडणारे, घडी घालून पट्टी सरकवून बंद होणारे ब्लॅडर आतून उलटे करून धुता येते, त्यात बर्फाचे मोठे खडेही जातात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, जेव्हा काहीच वाळत नाही, तेव्हा ते पूर्ण उघडे राहते, म्हणून मी तेच घ्यायला सांगेन. पट्टी मात्र शेवटपर्यंत सरकली आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. धुण्यासाठी कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवावे, नळीतून लांब दांडीचा बारीक ब्रश फिरवावा आणि ब्लॅडरमध्ये लाकडी कालथा उभा करून टांगावे, म्हणजे दोन्ही बाजू चिकटत नाहीत. सरबत भरण्याचा मोह टाळावा. नळीत काळे ठिपके धरतात ते साखरेमुळेच लवकर.

ब्लॅडर टीपीयू या लवचीक प्लास्टिकचे असावे. ते घडीवर लवकर तडकत नाही आणि त्याला स्वस्त पीव्हीसी प्लास्टिकसारखा वास येत नाही.

नळी सांध्यापाशी बटण दाबून सुटणारी, आणि सुटताच पाणी आपोआप अडवणारी असेल, तर भरलेली सॅक न उपसता ब्लॅडर बाहेर काढता येते. ही सोय थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी. मे महिन्यात आपल्याकडे नळीतले पाणी काही मिनिटांत गरम होते. नळीवर जाड कापडी आवरण चढवावे आणि प्यायल्यावर नळीत फुंकर मारून उरलेले पाणी परत ब्लॅडरमध्ये ढकलावे. जुनी नळी आणि व्हॉल्व्ह टाकून देऊ नयेत. नळीचा आतील व्यास नव्याशी जुळला, तर ती पुढे राखीव म्हणून उपयोगी पडते.