कॅसेटची प्रत : घरात आणि घराबाहेर

प्रश्न : वडिलांनी विकत घेतलेल्या नाट्यसंगीताच्या चाळीसेक कॅसेट आमच्याकडे आहेत. फिती खराब होत असल्याने त्या संगणकावर उतरवून घेणे कायदेशीर आहे का? बहिणीलाही प्रत द्यावी असे वाटते.
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : कॅसेट आपल्या मालकीची असली, तरी तिच्यातील ध्वनिमुद्रणाचे हक्क आपल्याकडे येत नाहीत, ते प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे निर्मात्याकडे राहतात. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला मुभा देते. पूर्वी ही मुभा साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणे व चित्रपटही तिच्या कक्षेत आले. त्यामुळे स्वतः ऐकण्यासाठी आपण प्रत करून ठेवलीत, तर माझ्या मते आक्षेपाला जागा उरत नाही. (मूळ कॅसेट मात्र रद्दीत घालू नयेत, तोच आपला पुरावा.)

बहिणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘रास्त’ म्हणजे किती, हे कायद्याने मोजून दिलेले नाही. एकाच घरात ऐकणे वेगळे आणि दुसऱ्या घरी कायमची प्रत देणे वेगळे. तीच गाणी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गेली, तर त्याला वैयक्तिक वापर म्हणणे कठीण होईल. बहिणीला मूळ कॅसेटच ऐकायला देण्यास मात्र काहीच हरकत नाही.

संगणक प्रणालींना (म्हणजे सॉफ्टवेअरला) ही मुभा लागू नाही. त्यांच्या सुरक्षित प्रतीसाठी याच कलमात स्वतंत्र तरतूद आहे.