सोन्याची नाणी पाडायचा हक्क फक्त इराणी सम्राटाला होता का?

तुमचा प्रश्न असा, की हखामनी साम्राज्यात (प्राचीन इराणी साम्राज्यात) सोन्याची नाणी फक्त सम्राटच पाडत असेल, तर कारियाच्या (आजच्या तुर्कस्तानचा नैर्ऋत्य भाग) पिक्सोडारोस या क्षत्रपाच्या, म्हणजे सम्राटाच्या प्रांताधिकाऱ्याच्या, नावाचं सोन्याचं नाणं कसं? सोबत आपल्याकडच्या नहपान क्षत्रपाचंही नाव घेतलंत. बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

मुळात अशा मनाईचा लेखी हुकूम आपल्यापर्यंत आलेलाच नाही. दाखला देतात तो ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा: इराणी सम्राट पहिल्या दारियसने अतिशुद्ध सोन्याची नाणी पाडली, इजिप्तच्या आर्यांदेस या क्षत्रपाने चांदीत तेच केलं, आणि दारियसने बंडाचा आळ घेऊन त्याला मारलं. पण ही गोष्ट चांदीची आहे! पुढे फार्नाबाझोस, माझायोस या क्षत्रपांनी चांदीची नाणी राजरोस पाडली आणि दोघेही पदावर टिकले. त्यामुळे या गोष्टीवरून सोन्याचा कायदा काढणं मला पटत नाही.

सम्राटाचं नाणं म्हणजे दारिक, सुमारे ८.४ ग्रॅमचं. पुढे मुकुट घातलेला, गुडघा टेकून धावणारा धनुर्धर. मागे चित्र नाही, नुसता लांबट खोलगट ठसा. पिक्सोडारोसची सोन्याची नाणी याहून लहान. त्यांवर अपोलोचं मस्तक, उलट बाजूला खांद्यावर दुधारी परशू घेतलेला लाब्राउंडा या कारियातल्या देवस्थानाचा झ्यूस आणि बाजूला ग्रीक अक्षरांत क्षत्रपाचं नाव. सम्राटाचा मागमूसही नाही.

हे धाडस कुठून आलं? हे घराणं नावाला क्षत्रप, व्यवहारात राजेच. वडील हेकाटोम्नोस, थोरला भाऊ मावसोलोस (सात आश्चर्यांतली कबर त्याचीच). पिक्सोडारोसने सख्ख्या बहिणीला, आदाला, हुसकावून सत्ता घेतली आणि मॅसिडोनच्या फिलिप राजाच्या (सिकंदराच्या वडिलांच्या) घरात मुलगी द्यायची खटपटही केली. अशा माणसाने सोन्यावर नाव घातलं यात मला नवल वाटत नाही.

लाम्प्साकोस या ग्रीक नगराच्या सोन्याच्या नाण्यांची गल्लत मात्र करू नका. त्यांतल्या काहींवर इराणी शिरोवस्त्रातला चेहरा आहे, तो ओरोंतास या क्षत्रपाचा मानतात. पण मागचा पंखवाला घोडा त्या नगराचा, म्हणजे नाणं नगराचं.

आणि तुम्ही उल्लेखलेला नहपान क्षत्रप, पश्चिम भारतातला राजा, या सगळ्यानंतर काही शतकांनी झाला, इराणी सम्राटाशी त्याचा संबंध नाही. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली त्याची तेरा हजारांवर नाणी सापडली, ती चांदीची. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.