५ई३ डिलक्सचा पॉवर सप्लाय: ५वाय३ ठेवायचा की डायोड लावायचे?

तुम्ही फेंडर ५ई३ डिलक्स हा व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर बांधताय. ३२५-०-३२५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वाइंड करून आणलाय. एसीचं डीसी करणारा ५वाय३ रेक्टिफायर व्हॉल्व्ह महाग पडतो म्हणून त्याच्या जागी १एन४००७ डायोड लावावेत का, हम (गुणगुण) कमी व्हावा म्हणून १६ मायक्रोफॅरडऐवजी ४७ चे फिल्टर कपॅसिटर टाकावेत का आणि स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून फक्त उच्च व्होल्टेज तोडणारा) हवा का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

या ट्रान्सफॉर्मरवर डायोड लावू नका. सप्लाय ठरवताना आवाजाचा विचार नंतर करायचा, आधी ६व्ही६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवर किती व्होल्ट हवेत ते कागदावर लिहायचं. डिलक्समध्ये हा आकडा ३६० ते ३७० च्या आसपास असतो. ३२५ गुणिले १.४१४ म्हणजे ४६० व्होल्ट, ही रिकामी शिखर पातळी. लोड आला की ५वाय३ आणि वाइंडिंगचा रोध मिळून ९०-१०० व्होल्ट खातात आणि नेमके हवे तेवढे उरतात. डायोड जेमतेम एक व्होल्ट खातो, त्यामुळे फक्त वाइंडिंगची घट होऊन ४२५ च्या घरात जाल. आता हिशेब करा. दोन ६व्ही६ ना मिळून २५० ओहमचा एकच कॅथोड रेझिस्टर आहे. कॅथोडवर २४ व्होल्ट आले तर एकूण ९६ मिलीअँपिअर, म्हणजे एका व्हॉल्व्हला ४८. त्यातले चारेक स्क्रीनचे वजा केले तर प्लेटचे ४४. प्लेट आणि कॅथोडमध्ये ४०० व्होल्ट, म्हणजे साडेसतरा वॉट. ६व्ही६जीटीची जुन्या तक्त्यांतली मर्यादा १२ आणि नंतरच्या तक्त्यांतली १४. खोलीतला दिवा मालवून पाहाल तर प्लेट लाल दिसेल.

५वाय३ लावूनही हे गणित साडेबारा वॉटच्या आसपास येतं. म्हणजे हे सर्किट मुळातच काठावर चालतं, वर हात पसरायला जागा नाही.

डायोडच हवे असतील तर वाइंडरकडून २७५-०-२७५ करून घ्या. शिखर ३८९, लोडवर ३७० च्या जवळपास. इथे एक चूक हमखास होते. मध्य-टॅपच्या (वाइंडिंगच्या मधोमध काढलेली तार, ३२५-०-३२५ मधला ०) फुल वेव्ह जोडणीत बंद असलेल्या डायोडवर शिखराच्या दुप्पट उलटा व्होल्टेज येतो. ३२५ वर तो ९२० होतो, रात्री लाइन आठ टक्के चढली की ९९४, आणि १एन४००७ ची मर्यादा १०००. म्हणून प्रत्येक बाजूला दोन-दोन डायोड सिरीजमध्ये लावतात. २७५ वर एकेकाने भागतं, पण दोन रुपयांसाठी कंजुषी कशाला. नोट दाबल्यावर थोडा दबून परत उसळणारा आवाज डायोडवरही हवा असेल, तर डायोड आणि पहिल्या फिल्टरच्या मध्ये १५० ओहम, १० वॉटचा वायरवाउंड टाकून बघा. तो बराच तापतो, कारण करंट ठोक्याठोक्याने येतो. त्याला कपॅसिटरपासून लांब बसवा. या रेझिस्टरने व्होल्टेजही थोडा उतरतो, तेव्हा २७५ ऐवजी २८५ मागायला हरकत नाही.

आता फिल्टर. ५वाय३ च्या नंतरचा पहिला कपॅसिटर २० मायक्रोफॅरडच्या आसपासच हवा. तो जितका मोठा, तितका थोड्या वेळात जास्त करंट रेक्टिफायरमधून ओढला जातो आणि आत ठिणगी पडते. २२ चालेल, ४७ नाही. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) १०० हर्ट्झ. अमेरिकेत १२०. त्यामुळे तोच १६ चा कपॅसिटर इथे वीस टक्के जास्त रिपल देतो, हे मात्र खरं. पण पहिल्या टप्प्यावरचा रिपल पुश-पुल आउटपुट ट्रान्सफॉर्मर बराचसा खोडून काढतो. ४.७ के (२ वॉट) रेझिस्टरपुढच्या स्क्रीनच्या टप्प्यावर आणि २२ के (१ वॉट) रेझिस्टरपुढच्या प्रीअँपच्या टप्प्यावर ३३ किंवा ४७ टाका, तिथे रेक्टिफायरला काही त्रास नाही. १६ च असले तरी १०० हर्ट्झवर पहिला टप्पा सत्तेचाळीस पट, दुसरा सव्वादोनशे पट घट करतो. एवढं होऊनही गुणगुण राहिली तर दोष बहुधा फिल्टरचा नसून अर्थिंगचा असतो.

ते अर्थिंग असं. ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (उच्च व्होल्टेज) वाइंडिंगच्या मध्य-टॅपची वायर थेट पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर सोल्डर करा, चॅसीवर नाही. चार्जिंगचे ठोके त्या दोन टोकांतच फिरले पाहिजेत. मध्य-टॅप एका कोपऱ्यात आणि कपॅसिटर दुसऱ्या कोपऱ्यात चॅसीला जोडलात तर ते ठोके इनपुट जॅकच्या अर्थिंगमधून जातात आणि १०० हर्ट्झची करकरीत बझ येते. हीटरचा हम वेगळा, मऊ, ५० हर्ट्झचा. त्यासाठी ६.३ व्होल्टच्या दोन्ही तारा पीळ देऊन न्या, दोन्हींवरून १००-१०० ओहमचे रेझिस्टर घ्या आणि त्यांचा जोड चॅसीऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला द्या. हीटर अर्थच्या वर उचलायला तिथले २० व्होल्ट फुकट मिळतात. वाइंडिंगला स्वतःचा मध्य-टॅप असेल आणि तो अर्थ केलेला असेल तर आधी तो सोडवा, नाहीतर कॅथोड रेझिस्टर जवळपास शॉर्ट होईल.

सगळे कपॅसिटर ५०० व्होल्टचेच घ्या. व्हॉल्व्ह रेक्टिफायर हळू चढतो म्हणून ४५० पुरतात, हा समज ५वाय३ला लागू नाही. तो थेट तापणारा आहे, काही सेकंदांतच वाहू लागतो. ६व्ही६ अजून थंड असतात आणि तेवढा वेळ ४६० व्होल्ट फिल्टरवर उभे असतात. पहिल्या कपॅसिटरवर २२० के, २ वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) लावाच. एकूण ६६ मायक्रोफॅरड धरले तर ३७० वरून ५० व्होल्टपर्यंत उतरायला साधारण अर्धा मिनिट लागतं. तरीही हात घालण्याआधी मीटरने मोजा.

स्टँडबाय नको. रेक्टिफायर तापलेला असताना रिकाम्या फिल्टरवर तो अचानक जोडणं, हाच ५वाय३ चा खरा छळ आहे.

वाइंडरला पुढच्या वेळी सांगायचं: प्रायमरी ०-२२०-२४०, एचटी १२० मिलीअँपिअर, ६.३ व्होल्ट २.५ अँपिअर (तुमची गरज १.५), ५ व्होल्ट ३ अँपिअर, १०० व्हीएचा कोअर आणि मध्ये तांब्याची शील्ड. फक्त २२० वर वाइंड करून २४० वर चालवलंत तर हीटरवर ६.९ व्होल्ट येतात, म्हणजे दहा टक्क्यांची सवलत जवळपास संपली.

पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटच्या बल्बचा सिरीज बोर्ड घ्या, प्रायमरीत १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, थ्री-पिनचा अर्थ चॅसीला, आणि जुन्या नकाशात मेन्सपासून चॅसीला जाणारा छोटा कपॅसिटर असेल तर तो गाळून टाका. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता: बल्ब क्षणभर चमकून विझला पाहिजे. मग ५वाय३ सोडून बाकीचे लावा आणि हीटर पेटतात का बघा. मग स्पीकर जोडून ५वाय३. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर बंद करा, पहिल्या फिल्टरची उलटसुलट जोडणी तपासा. सगळं ठीक असेल तर सिरीज बोर्ड काढून कॅथोडवर मोजा: १९ ते २१ व्होल्ट हवेत. २३ च्या वर गेला तर २५० चा रेझिस्टर काढून २७० किंवा ३०० लावा.